आधी गॉगल, मग बंदूक

इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर राहणाऱ्या माणसाने खऱ्यासारखी दिसणारी काळी रायफल घरात आणायची म्हटली, की घरातून येणारा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. "पोलीस दारात आले तर काय सांगणार आहेस?" बायकोने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी कायदा वाचायला बसलो. एअरसॉफ्टमधला माझा पहिला महिना त्यातच गेला. बंदूक बरीच नंतर आली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या, ज्यांना सगळे ‘बीबी’ म्हणतात, त्या हवेच्या किंवा गॅसच्या दाबाने सोडणाऱ्या बंदुका, दोन संघ, आणि खेळायला जंगल नाहीतर एखादी ओस पडलेली इमारत. झेंडा पळवायचा, ठाणं राखायचं, कुणाला तरी सुखरूप पलीकडे न्यायचं, असे डाव असतात. पेंटबॉलमध्ये गोळी अंगावर फुटते आणि रंग उडतो, त्यामुळे लागली की नाही यावर फारसा वाद होत नाही. इथे अंगावर काहीच उमटत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून ‘हिट!’ असं ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. गल्ली क्रिकेटमध्ये चेंडू बॅटची कड घेऊन गेलेला सगळ्या वाड्याने ऐकलेला असताना आईची शपथ घेऊन ‘लागलाच नाही’ म्हणणाऱ्यांत मी वाढलो. त्यामुळे हा खेळ असा चालू शकतो, हेच मला आधी पटेना.

खेळ मूळचा जपानचा. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य, पण हौस तर होती. त्यातून सत्तरच्या दशकात आणि पुढे ऐंशीच्या दशकात प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या हुबेहूब बंदुका निघाल्या. १९९१ मध्ये तोक्यो मारुई कंपनीने फ्रेंच लष्कराच्या फामास रायफलीची बॅटरीवर चालणारी प्रतिकृती आणली आणि खेळाचं रूप पालटलं. आत एक छोटी मोटर, दातेरी चाकं, स्प्रिंग आणि पिस्टन. चाप ओढला की मोटर पिस्टन मागे खेचते आणि सोडते, पुढची हवा गोळीला ढकलते. या जातीच्या बंदुकांना आजही ‘एईजी’ (ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक गन) म्हणतात आणि कुठल्याही मैदानावर निम्म्याहून जास्त लोकांच्या हातात त्याच दिसतात.

आता कायदा. २००६ चा व्हायलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट. त्यातली आपल्या कामाची कलमं १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. कलम ३६ म्हणतं की खऱ्या बंदुकीपासून व्यवहारात वेगळी ओळखू येणार नाही अशी नकली बंदूक बनवणं, विकणं किंवा देशात आयात करणं हा गुन्हा आहे. साध्या नकली बंदुकीत फेरफार करून तिला तसं रूप देणं हाही गुन्हाच. अशा बंदुकीला कायदा ‘रिअलिस्टिक इमिटेशन फायरआर्म’ म्हणतो, खेळाडू त्याच्या आद्याक्षरांवरून ‘रिफ’ म्हणतात. ही यादी मी दोनदा वाचली. बनवणं, विकणं, आणणं, बदलणं. घरी बाळगणं त्यात नाही. सज्ञान माणसाने विकत घेणंही नाही. म्हणजे कायद्याचा मुख्य रोख बनवणाऱ्या-विकणाऱ्यावर आहे, आणि मी इतके दिवस स्वतःला परवाना लागेल म्हणून तो कुठे मिळतो ते शोधत होतो. असा परवाना नसतोच.

मग दुकानं चालतात कशी? कलम ३७ आणि २००७ मध्ये त्याखाली केलेले नियम विक्रेत्याला बचाव देतात. विक्री ‘परवानगी असलेल्या’ कामासाठी झाली हे त्याला दाखवता आलं पाहिजे, आणि त्या कामाला सार्वजनिक दायित्वाचा विमा हवा. परवानगी असलेलं काम म्हणजे काय, तर लष्करी किंवा पोलिसी प्रसंग करमणुकीसाठी वठवणं. आमचं रविवारचं धावणं, लोळणं आणि काट्यांत अडकणं सरकारदरबारी अशा भारदस्त शब्दांत नोंदलं गेलं आहे.

गिऱ्हाईक खरोखर खेळतं की नाही हे दुकानदाराने ओळखायचं कसं, यासाठी विक्रेत्यांच्या संघटनेने एक सोय केली. संघटनेचं नाव युनायटेड किंगडम एअरसॉफ्ट रिटेलर्स असोसिएशन, सगळे ‘युकारा’ म्हणतात. नोंदलेल्या मैदानावर किमान तीन दिवस खेळायचं, आणि ते तीन दिवस कमीत कमी ५६ दिवसांच्या काळात पसरलेले हवेत. वय १८ पूर्ण हवं. मग तुमचं नाव त्यांच्या यादीत जातं आणि एक क्रमांक मिळतो. दुकानदार तो तपासतो आणि बंदूक विकतो. दर वर्षी नूतनीकरण. पुष्कळ नवखे या क्रमांकाला ‘लायसन्स’ म्हणतात आणि तो मिळाल्यावर आपल्याला काही विशेष हक्क मिळाला असं समजतात. तसं काही नाही. दुकानदाराच्या हातातला तो एक पुरावा आहे, एवढंच. आणि युकारा हा कायद्यातला शब्दही नाही. खेळाडू असल्याचं दुसऱ्या मार्गाने पटवता आलं तर कायद्याची हरकत नाही. मात्र मला भेटलेल्या दुकानदारांना क्रमांकच हवा होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितलं असतं.

थांबायचंच नसेल तर रंगीत बंदूक घेता येते. तिचा मुख्य रंग नियमांत दिलेल्या यादीपैकी हवा: भडक लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा किंवा निळा, नाहीतर ती पारदर्शक हवी. बाजारात याला ‘टू-टोन’ म्हणतात, कारण अर्धी काळी आणि अर्धी निळी अशीच ती बहुतेकदा मिळते. आतली यंत्रणा तीच, मारा तोच. ती घ्यायला क्रमांक लागत नाही, फक्त १८ वर्षं पूर्ण लागतात. मी घेतली नाही. यात कायद्याचा प्रश्न नव्हता. हिरव्या-तपकिरी जंगलात भडक निळी नळी घेऊन झुडपात लपणाऱ्याला आधी गोळी लागते आणि मग ती बंदूक पुढे विकायला गेलं की किंमत येत नाही.

तर पहिला दिवस भाड्याच्या बंदुकीवर. मैदान केंटमधलं, चेस्टनटचं जंगल. तिथे ही झाडं बुंध्यापासून पुन्हा पुन्हा तोडून वाढवतात, त्यामुळे एका खोडातून सात-आठ सरळ फोक वर गेलेले असतात आणि आडोसा घ्यायला जाडसर खोड काही सापडत नाही. भाड्याच्या पॅकेजमध्ये एईजी, मास्क आणि गोळ्यांची पिशवी आली. दिवसाचं शुल्क आणि भाडं मिळून लंडनमध्ये नाटकाच्या बऱ्या तिकिटाला जेवढे पडतात साधारण तेवढे पैसे गेले. कपडे माझेच होते, जुनी गडद पँट आणि दोन टी-शर्टवर एक जाड शर्ट. चट्ट्यापट्ट्यांच्या लष्करी कपड्यांची गरज पहिल्या दिवशी कुणालाच नसते.

खेळाआधी मार्शलने, म्हणजे मैदानावरच्या पंचाने, सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. मी बऱ्याच ऑफिसांतली अग्निसुरक्षेची भाषणं झोपेत ऐकली आहेत. हे मात्र कुणी झोपेत ऐकत नव्हतं. मैदानात गॉगल काढायचा नाही. पुसायला नाही, खाज सुटली म्हणून नाही, काही दिसत नसलं तरी नाही. उघड्या डोळ्यांचा माणूस दिसला तर कुणीही ‘सीज फायर’ ओरडू शकतो, आणि मग सगळं मैदान थांबतं. सेफ झोनमध्ये, म्हणजे जिथे गोळी मारायची नाही अशा विश्रांतीच्या जागेत, शिरण्याआधी मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) काढायचं, नळीत अडकलेली गोळी सुरक्षित दिशेला झाडून टाकायची, सेफ्टी लावायची. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत राहते, हे दर खेपेला कुणीतरी नव्याने शिकतं. आडोशामागून बंदूक फक्त हाताने बाहेर काढून न बघता मारायची नाही. अगदी हातभर अंतरावर कुणी सापडला तर गोळी न मारता ‘बँग’ म्हणायचं आणि त्याने ते मानायचं. हा शेवटचा नियम प्रत्येक मैदानाचा वेगळा असतो, त्यामुळे नव्या ठिकाणी विचारून घ्यावा.

गोळी लागते तेव्हा दुखतं का, हे सगळेच विचारतात. पातळ कपड्यावर चांगलं चुरचुरतं आणि लाल ठिपका दोन-तीन दिवस राहतो. जाड शर्टावर नुसता टप्पा कळतो. बोटांच्या सांध्यांवर मात्र झणझणतं, म्हणून हातमोजे हवेत. आणि समोरचे दात झाकलेले हवेत. तुटलेला दात घेऊन बाहेर पडलेला माणूस मी पाहिला आहे आणि त्याने दिवसभरात बाकी काही मोठं केलं होतं की नाही ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

डोळ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मला चष्मा आहे आणि माझे पहिले सगळे खेळ धुक्यात गेले. बाहेर कडाक्याची थंडी, आत धावून तापलेला चेहरा, त्यावर घट्ट बसलेला गॉगल आणि गॉगलच्या आत चष्मा. दोन काचा, दोन्ही धुरकट. पुसायला काढता येत नाही, मग मार्शलला सांगून सेफ झोनपर्यंत चालत जा, पुसा, परत या, तोवर डाव संपलेला. चष्म्याला लावायचे द्रव, साबणाचा हात, छोटा पंखा बसवलेला गॉगल, सगळं करून पाहिलं. साबण थोडा वेळ टिकतो. पंखा चालतो, पण कानाशी माशी घोंगावत असल्यासारखं दिवसभर वाटतं आणि मागून येणारी पावलं ऐकू येत नाहीत.

बरेच लोक यावर तारेच्या जाळीचा गॉगल वापरतात. जाळीला वाफ धरत नाही, हे खरं. पण हलक्या प्रतीची बीबी झाडावर किंवा जाळीवर आपटून फुटली तर तिचा चुरा जाळीतून आत येऊ शकतो. माझ्या मते डोळ्यापुढे जाळी नको. खालच्या जबड्याला जाळी उत्तम. तिथे चुरा आला तरी थुंकून टाकता येतो. शेवटी मला फायदा झाला तो पेंटबॉलवाल्यांच्या दुपदरी काचेच्या मास्कचा. दोन काचांमध्ये हवेचा थर असतो, त्यामुळे आतली काच बाहेरच्या थंडीने गार पडत नाही आणि तिच्यावर वाफ जमायला वेळ लागतो. घरात दुहेरी काचेच्या खिडक्या असतात त्यामागचं तत्त्व हेच. आणि खेळापुरत्या कॉन्टॅक्ट लेन्स. या दोन गोष्टींनी माझा खेळ जितका सुधारला तितका नंतर घेतलेल्या कुठल्याच बंदुकीने सुधारला नाही.

गॉगल घेताना त्यावरची खूण वाचायची. पुष्कळ गॉगलांवर ईएन १६६ या युरोपातल्या मानकाची खूण असते. त्यात आघात सोसण्याच्या पायऱ्या अक्षरांनी दाखवतात: एफ म्हणजे पोलादाची छोटी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळली तरी काच टिकते, बी म्हणजे १२० मीटर, ए म्हणजे १९०. चाचणीतली गोळी ०.८६ ग्रॅमची, म्हणजे आपल्या बीबीच्या तीन-चारपट जड. एफ हे कारखान्यात भुसा आणि कण उडतात तिथपर्यंत ठीक. इथे मी बी च्या खाली उतरणार नाही. दिसायला छान, ‘टॅक्टिकल’ असं नाव असलेले आणि कुठलीच खूण नसलेले गॉगल ढिगाने मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सकाळी खेळण्याआधी सगळ्यांच्या बंदुका क्रोनोवर जातात. क्रोनो म्हणजे वेग मोजणारं यंत्र. त्यासमोर दोन-चार गोळ्या मारायच्या, आकडा मार्शल बघतो. इथली भाषा फूट प्रतिसेकंदाची, आणि ०.२० ग्रॅमच्या गोळीला ३५० फूट ही पुष्कळ मैदानांची साध्या बंदुकीची मर्यादा. पण खरा हिशेब ऊर्जेचा. ०.२० ग्रॅमची गोळी ३५० फुटांनी गेली तर तिची ऊर्जा साधारण १.१४ ज्यूल. हा आकडा महत्त्वाचा, कारण २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम अ‍ॅक्टने १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये कलम ५७ए घातलं आणि एअरसॉफ्ट बंदुकीची व्याख्या केली: आठ मिलिमीटरपेक्षा मोठी नसलेली, गोल, प्लास्टिकची गोळी मारण्यासाठी बनवलेली, आणि ऊर्जा, एका चापात सलग गोळ्या सुटणाऱ्या बंदुकीला जास्तीत जास्त १.३ ज्यूल, बाकीच्यांना २.५ ज्यूल. त्यापलीकडे गेली की ती एअरसॉफ्ट राहत नाही, तिला शस्त्र म्हणून पाहिलं जाऊ शकतं. म्हणजे जास्त जोरकस स्प्रिंग घरी बसवून सलग मारा करणाऱ्या रायफलीने चारशे फूट गाठणारा हौशी माणूस मार्शलची नजर चुकवण्याच्या नादात सरळ शस्त्रकायद्यात शिरतो. जपानमध्ये ही मर्यादा याहून कमी, एक ज्यूलच्याही किंचित खाली आहे, आणि तिथले लोक तेवढ्यात आनंदाने खेळतात.

प्रत्येक गोळीआधी बाजूचा दांडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या स्नायपर रायफलींना मैदानं बहुधा ५०० फुटांपर्यंत सोडतात, पण मग जवळच्या माणसावर ती चालवायची नाही अशी किमान अंतराची अट असते. नवख्याने स्नायपर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांनाच घ्यावीशी वाटते. दिवसभर ओल्या पाचोळ्यात पालथं पडून राहायचं, हात सरावलेला नसल्याने पाच गोळ्या हुकवायच्या, आणि तेवढ्यात बाजूने एखादं पोरगं एईजी घेऊन येतं.

त्या ५६ दिवसांच्या वाट पाहण्याला आधी मी वैतागलो होतो. पण त्या काळात हातात बंदूक नसल्याने लोक आपल्या बंदुका हातात द्यायला लागले. या मंडळींचं मला फार कौतुक वाटतं. मध्यंतरात कुणी चहा पिता पिता म्हणतो, ही बघ मारून, आणि हजार पौंडांचं यंत्र अनोळखी माणसाच्या हातात देतो. असं करत एईजी, गॅसची, आणि टाकीतून नळीने हवा घेणारी उच्चदाबाची, अशा सगळ्या जाती मी मारून पाहिल्या. गॅसच्या बंदुकीचा धक्का, मागे जाणारा बोल्ट, आवाज, सगळंच मोहात पाडणारं. फक्त तिच्यातला ‘ग्रीन गॅस’ मुळात सिलिकॉन तेल घातलेला प्रोपेन असतो, आणि थंडीत त्याचा दाब पडतो. इंग्लंडातल्या डिसेंबरात सकाळी दहाला गॅसचं पिस्तूल खोकल्यासारखा आवाज करतं आणि गोळी दहा पावलांवर पडते. हे दुकानाच्या उबदार काउंटरवर कुणी सांगत नाही, कारण तिथे ते झकास चालतं.

तिसरा दिवस भरल्यावर मैदानाच्या ऑफिसात फॉर्म भरला, ओळखपत्र दाखवलं, पत्ता दिला. मैदानाने तारखांची खात्री करून तो नोंदणी करणाऱ्या दुकानाकडे पाठवला. यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. आठवणीने करायची गोष्ट एकच: पहिल्याच दिवशी ऑफिसात सांगून आपली हजेरी नावानिशी नोंदवून घ्यायची. ऑनलाइन बुकिंग मित्राच्या नावावर असेल तर तो दिवस तुमच्या खात्यावर येत नाही.

खरेदीचा क्रम मी असा ठेवला: आधी गॉगल आणि जबड्याची जाळी, मग घोट्यापर्यंतचे बूट, मग हातमोजे, आणि सगळ्यात शेवटी रायफल. बूट यासाठी की चेस्टनटच्या तोडलेल्या बुंध्यांवरून आणि चिखलातून पळताना घोटा मुरगळणं ही कितीतरी जास्त हमखास होणारी दुखापत आहे. रायफल म्हणून अमेरिकी लष्कराच्या एम४ च्या ठेवणीची, मधल्या किमतीची एईजी घेतली. कारण साधं. ती सगळ्यांकडे असते, त्यामुळे तिची मॅगझिनं, सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारे हात कुठेही मिळतात. फार स्वस्तातली घेतली असती तर पहिल्याच हिवाळ्यात आतली चाकं झिजली असती, आणि महागातलीचा फरक ओळखण्याइतका माझा हात तेव्हा तयार नव्हता. दुकानात माझा क्रमांक आणि ओळखपत्र पाहिलं, पत्ता जुळवला, आणि पैसे घेतले. पिझ्झा मागवतानाही याहून जास्त प्रश्न विचारतात.

बंदुकीपेक्षा गोळी महत्त्वाची, हे मला एका जुन्या मार्शलने सांगितलं आणि ते अक्षरशः खरं निघालं. बीबी सहा मिलिमीटरची म्हणतात, प्रत्यक्षात ५.९५ च्या आसपास असते. वजन ०.२० ग्रॅमपासून वर जातं. हलकी गोळी वेगाने सुटते पण वाऱ्याने आणि पानांनी भरकटते, ०.२८ ची गोळी सुटताना मंद वाटते, तरी शेवटपर्यंत रेषेत राहते. जंगलात बहुतेक ठिकाणी जैवविघटनशील गोळ्याच चालतात. जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा भरायची नाही. तिच्यावरचा मातीचा एक कण आतल्या नळीला चरे पाडतो.

आणि नळीच्या सुरुवातीला असतं ‘हॉप-अप’. रबराचा एक छोटा उंचवटा, गोळी जाताना तिला वरून घासतो आणि उलटी फिरकी देतो. फिरकीमुळे गोळीच्या वरची हवा खालच्यापेक्षा वेगाने सरकते आणि गोळीला वर उचलून धरते. लेगस्पिनरचा फ्लिपर याच उलट्या फिरकीवर सपाट येतो. भौतिकशास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. फिरकी कमी पडली तर गोळी वीस-पंचवीस मीटरांत जमीन गाठते, जास्त झाली तर मध्येच झाडांच्या शेंड्यांकडे निघून जाते. फिरकी कमी-जास्त करणारी चक्री एकेक दाता फिरवत, चाळीस मीटरवरच्या पाटीकडे गोळी सपाट जाताना दिसेपर्यंत बसायचं. वजन बदललं की पुन्हा पहिल्यापासून. मला खेळाइतकंच हे काम आवडतं. सकाळी लवकर जाऊन फायरिंग रेंजवर अर्धा तास चक्री फिरवत बसणारे आम्ही दोघे-तिघे असतोच.

बॅटरीचं प्रकरण मात्र हलक्यात घेऊ नये. एईजीत हल्ली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असते, सुरुवातीला ७.४ व्होल्टची पुरते. तिला साधा चार्जर चालत नाही, प्रत्येक सेल वेगळा सांभाळून भरणारा हवा. न जळणाऱ्या पिशवीत ठेवून, घरात कुणीतरी जागं असतानाच चार्ज करायची. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. पुढचा खेळ दोन आठवड्यांवर असेल तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवायची नाही. प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. आमच्या घरी ही पिशवी स्वयंपाकघरातल्या फरशीवर असते आणि तिच्याजवळ लाकडी काही नसतं, ही बायकोची अट.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही एव्हाना मिळालं होतं. घरी असणं गुन्हा नाही. सार्वजनिक जागी नेणं मात्र फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम १९ खाली येतं. कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसेल तर नकली बंदूकही चालत नाही. खेळायला जाणं हे वाजवी कारण, पण ते दिसायलाही तसंच हवं. त्यामुळे बंद, कुलूप लावलेल्या पेटीत, बॅटरी काढून, मॅगझिन वेगळं, गाडीच्या डिकीत. वाटेत पेट्रोल पंपावर लष्करी जाकीट घालून उतरायचं नाही. घराच्या अंगणात, खिडकीत, पार्किंगमध्ये बंदूक बाहेर काढायची नाही. शेजाऱ्याने ९९९ वर फोन केला तर सशस्त्र पोलीस येतात, आणि तुमच्या हातात काय आहे हे त्यांना दुरून कळत नाही. कळू नये इतकं ते खऱ्यासारखं असावं यासाठीच तर आपण पैसे मोजलेले असतात. सावळ्या कातडीच्या, दाढी ठेवलेल्या माणसाने हे दुप्पट पाळावं, असं मी पाळतो. कुणी त्याला अति काळजी म्हणेल. म्हणू दे.

जुनी बंदूक घ्यायची तर एक लक्षात ठेवा: ‘विकणं’ हा शब्द दुकानापुरता नाही. तुम्ही तुमची रिफ ओळखीच्या माणसाला विकलीत तरी तुम्ही विक्रेतेच, आणि समोरचा खेळाडू आहे याची खात्री करणं तुमच्याच अंगावर. परदेशातून मागवली तर आयात करणारे तुम्ही; मग बचावही तुम्हालाच दाखवावा लागतो, पार्सल सीमेवर अडकतं आणि पत्रव्यवहार सुरू होतो. मी इथल्याच दुकानातून घेतो, दहा-वीस पौंड जास्त गेले तरी.

हल्ली ओळखीतल्या एका घरातला सोळा वर्षांचा मुलगा मागे लागला आहे, काका, मला कुठली घेऊ? त्याला सांगितलं की १८ च्या खाली कुठलीच नकली बंदूक विकत घेता येत नाही, रंगीतसुद्धा नाही. विकणाराही अडकतो आणि घेणाराही. पालक स्वतः टू-टोन विकत घेऊन त्याला भेट देऊ शकतात. मग त्याचा पुढचा प्रश्न आला, जो प्रत्येक मुलाच्या डोक्यात असतोच: नंतर तिला काळा स्प्रे मारला तर? त्याला ३६ वं कलमच वाचायला दिलं. बचाव हाताशी नसताना निळी बंदूक काळी करणं म्हणजे रिफ तयार करणं, आणि स्प्रेचा डबा कुणाच्या हातात होता एवढंच मग पाहिलं जातं. तोंड वाकडं करून त्याने वाचलं. सध्या त्याच्यासाठी पूर्ण चेहऱ्याचा मास्क पाहतो आहे. त्याच्या वयाच्या मुलांना आमच्या मैदानावर नुसता गॉगल चालत नाही. भाड्याची रायफल तिथेच मिळते, आईवडिलांची सही लागते, आणि त्यालाही चष्मा आहे, त्यामुळे मास्क दुपदरी काचेचाच.